निकोटीन गमचा रिव्ह्यू: चावायचं कमी, गालात ठेवायचं जास्त

सिगारेट सोडायला निकोटीनचं च्युइंग गम घेऊ का, खरंच फरक पडतो का, असं विचारणारे बरेच भेटतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. निकाल आधीच सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. गम काम करतं, मनापासून शिफारस करतो, पण ते औषध आहे आणि औषधासारखंच घ्यावं लागतं, पुरेसं घ्यावं लागतं आणि पूर्ण बारा आठवडे घ्यावं लागतं. दोन-चार तुकडे चावून ‘छे, काही उपयोग नाही याचा’ म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा ते कसं घ्यायचं हेच कुणी सांगितलेलं नसतं. आणि जे नीट घेतात त्यांच्यातलेही बरेच जण एका ठिकाणी हमखास घसरतात, ते म्हणजे दारूचा ग्लास हातात आल्यावर. त्यावर खाली जरा जास्तच लिहिलंय कारण मला मिळालेल्या पाकिटातल्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती आणि हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता वस्तूबद्दल. छोटासा चौकोनी तुकडा असतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या कप्प्यात, वरची फॉइल चांगली जाड असते, आधी कोपरा नखाने सोलायचा आणि मग मागून दाबून बाहेर काढायचा. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून ते तसं केलेलं असतं त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तोंडात टाकल्यावर पहिले काही चाव साधं मिंटचं गम वाटतं, पण नेहमीच्या गमपेक्षा कडक, आणि मग अर्ध्या-एक मिनिटात मिंट मागे पडून जिभेच्या कडेला मिरी चावल्यासारखी चुणचुण सुरू होते, घशाशी थोडं खवखवतं. ही चुणचुण आली की थांबायचं. इथेच सगळी गंमत आहे. चावणं बंद, तुकडा गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवायचा, मिनिटभर तसाच राहू द्यायचा, चुणचुण गेली की परत हळूहळू चार-पाच चाव, परत चुणचुण, परत ठेवायचा, पण दर वेळी जागा बदलायची, एकदा उजवा गाल एकदा डावा. असं साधारण अर्धा तास. त्यानंतर कितीही चावलं तरी चुणचुण येत नाही, म्हणजे संपलं.

एवढा उपद्व्याप कशासाठी तर निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जायला हवं असतं. गिळलं तर ते पोटात जातं, तिथून यकृतात जातं आणि यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं, म्हणजे तलफ जिथल्या तिथे राहते आणि वर पोटात जळजळ, मळमळ, उचक्या. माझ्या ऑफिसातला एक जण नेहमीचं च्युइंग गम चावतो तसा कचाकचा चावत होता, पाचेक मिनिटांत उचक्या लागल्या त्या थांबेचनात, मीटिंगमधून उठून बाहेर गेला आणि नंतर उरलेलं पाकीट माझ्या टेबलवर ठेवून म्हणाला, ‘घे रे तूच, मला नाही झेपत हे.’ मी म्हटलं अरे बाबा चावू नकोस, ठेव गालात, नुसतं ठेव. दुसऱ्या दिवशी समोर बसवून एक तुकडा त्याच्याकडून नीट घेववला, उचकी आली नाही, आणि अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाला की आत्ता बाहेर जाऊन ओढावीशी वाटत नाहीये. मला खरंच वाटतं की गम विकणाऱ्याने पाकीट हातात देताना ही दोन वाक्यं सांगितली तर निम्मे लोक ते अर्ध्यावर टाकणार नाहीत.

दुसरी गोष्ट कॉफीची, आणि हीसुद्धा कुणी सांगत नाही. गममध्ये असा एक क्षार मिसळलेला असतो ज्यामुळे तोंडातली लाळ थोडी अल्कधर्मी होते, कारण तशाच लाळेतून निकोटीन गालात शिरतं. कॉफी, फळांचा रस, कोल्ड्रिंक हे सगळं आम्लधर्मी, ते प्यायल्याबरोबर गम घेतलं तर निकोटीन गालातून जातच नाही, सगळं लाळेबरोबर पोटात. म्हणून आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. ज्यांची सिगारेट कॉफीबरोबरच असायची (आणि किती जणांची असते!) त्यांना ही अट जड जाते पण तिचा दुहेरी फायदा आहे, कॉफी आणि धूर यांची जोडी तुटते. अजून एक, सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन लवकर संपवायला लावतात, हे निकोटीनमुळे नाही तर धुरामुळे होतं, म्हणजे सिगारेट बंद केली की गम चालू असलं तरी तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ टिकते. मग हात थरथरतात, झोप लागत नाही, धडधड होते आणि माणूस म्हणतो बघा सिगारेट सोडल्याने त्रास होतोय. त्रास बऱ्याचदा कॉफीचा असतो. पहिले काही आठवडे कॉफी निम्म्यावर आणा, फरक लगेच जाणवतो.

किती ताकदीचं घ्यायचं? 2 मिलिग्रॅम आणि 4 मिलिग्रॅम अशी दोन मिळतात. दिवसाला किती ओढता यापेक्षा सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटवता हे बघायचं. अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल तर 4, नाहीतर 2. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, आणि दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. दिवसाला जास्तीत जास्त 24. माझं निरीक्षण असं की लोक जास्त घेत नाहीत, कमीच घेतात, म्हणजे तलफ आल्यावर नाइलाजाने एक आणि परत दिवसभर काही नाही, मग संध्याकाळी सिगारेट. तलफ यायची वाट बघायचीच नाही, घड्याळ बघून घ्यायचं, कारण गम सावकाश काम करतं. सिगारेटच्या झुरक्याने निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमने रक्तातली पातळी चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि चढली तरी सिगारेटइतकी चढत नाही, 2 मिलिग्रॅमच्या तुकड्यातलं साधारण निम्मंच अंगात जातं. त्यामुळे सिगारेटची किक मिळेल या अपेक्षेने घेणाऱ्याची निराशा ठरलेली. गम किक देत नाही, ते निकोटीन तुटल्याचा त्रास वाढू देत नाही, एवढंच त्याचं काम आणि ते ते चोख करतं. चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला असतं आणि दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं, त्या काळात त्याची धार कमी करायला गम आहे.

ज्यांची सिगारेट दिवसाला दहाच्या वर आहे त्यांनी नुसत्या गमवर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत पॅच घ्या. पॅच दंडावर किंवा पाठीवर सकाळी चिकटवायचा, तो दिवसभर थोडं थोडं निकोटीन देत राहतो, आणि मध्येच तलफेची लाट आली तर गम. जास्त ओढणाऱ्यांसाठी आधी 21 मिलिग्रॅमचा, मग 14, मग 7 असं उतरायचं. कातडीला खाज येते म्हणून रोज जागा बदलायची, आणि रात्री फार विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायचा. हा दोन्हीचा जोड एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पॅचपेक्षा जास्त जणांना सिगारेटपासून सोडवतो, हे मोठमोठ्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. आणि अशा निकोटीन औषधांनी, कुठलंही एक घेतलं तरी, सोडण्यात यश यायची शक्यता साधारण दीडपट होते. दीडपट म्हणजे हमखास नव्हे, हेही लक्षात ठेवा. डॉक्टरांशी बोलून, कुणाचा तरी पाठिंबा घेऊन केलं तर ती अजून वाढते.

‘पण गममध्येही निकोटीनच ना, मग एक विष सोडून दुसरं कशाला’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तर बघा, निकोटीन सवय लावतं, नाडीचे ठोके वाढवतं, ते काही निरुपद्रवी नाही. पण कॅन्सर आणि फुप्फुसं खराब होणं हे धुरामुळे. तंबाखूच्या धुरात 7000 च्या वर रसायनं असतात, त्यातली निदान 70 कॅन्सर करणारी. टार (धुरातला डांबरासारखा चिकट भाग) वेगळं, कार्बन मोनॉक्साइड वेगळा, जो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो आणि हृदयाला लागणारा ऑक्सिजनच अडवतो. गममध्ये यातलं काही नाही. मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 1976 मध्येच मांडलं होतं की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे, आणि या गमचा सगळा पाया तोच आहे. गमची कल्पना मुळात स्वीडनमधली. पाणबुडीत सिगारेट ओढायला बंदी म्हणून तिथले नौसैनिक तोंडात ठेवायची तंबाखू घ्यायचे हे तिकडच्या संशोधकांच्या लक्षात आलं, 1967 च्या सुमाराची गोष्ट, आणि ओव्ह फर्नो या केमिस्टने त्यावरून निकोटीन असलेलं पण तंबाखू नसलेलं गम बनवलं. अमेरिकेत त्याला 1984 मध्ये मान्यता मिळाली, आणि 2009 पासून निकोटीनची ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे ही काही काल आलेली फॅशन नाही. व्हेप (ई-सिगारेट) म्हणजे गमचाच भाऊ असं कुणी म्हणालं तर ते मात्र मान्य करू नका, गम औषध म्हणून तपासलं गेलंय.

आता दारू. इथे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं.

गम गालात ठेवून अख्खा आठवडा न ओढता काढलेला माणूस शनिवारी मित्रांबरोबर बसतो, दुसरा पेग होतो आणि समोरच्याच्या पाकिटातली एक कधी तोंडात गेली ते त्याला कळत नाही. यात त्याचं मन कमकुवत वगैरे काही नसतं. दारूने मेंदूतला आवर घालणारा भाग सैल होतो, दारू आणि निकोटीन दोन्ही मेंदूत डोपामीन, म्हणजे ‘परत हवं’ असं वाटायला लावणारं रसायन, वाढवतात, आणि वर्षानुवर्षं ग्लास आणि सिगारेट एकत्र असल्यामुळे ग्लास हातात आला की मेंदू दुसऱ्या हाताला सिगारेट मागतोच. गमचा त्या क्षणी फारसा उपयोग होत नाही कारण त्याला चढायला वीस मिनिटं हवीत आणि दारूने तोंडातली लाळही बदललेली असते. म्हणून निदान पहिले काही आठवडे, जमलं तर पूर्ण बारा, दारू बंद. थोडी घेतो, बिअरच घेतो, असं नाही, बंद. माझ्या ओळखीत जे टिकले त्यांनी हे केलं होतं आणि मीही तेच केलं.

आणि हे फक्त सिगारेट परत सुरू होऊ नये म्हणून नाही. दारूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात, तंबाखूच्या शेजारी. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, निदान सात ठिकाणचे कॅन्सर. शरीरात दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं आणि दुरुस्तीही होऊ देत नाही. त्यात तंबाखू असली तर दोघांचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो, विशेषतः तोंड, घसा आणि अन्ननलिकेत, कारण दारू आतली त्वचा धुरातल्या रसायनांसाठी जणू उघडीच करून देते. यकृतावर आधी चरबी, मग सूज, मग सिरॉसिस (यकृत वण पडून कडक होणं), आणि पहिल्या टप्प्यात बाहेरून काहीच दिसत नाही, माणूस ठणठणीत दिसतो, तेवढ्यात थांबला तर यकृत बरंचसं सावरतं. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय की तब्येतीला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. रोज थोडी हृदयाला चांगली वगैरे जे वर्षानुवर्षं ऐकत आलोय ते मनातून काढून टाकलेलं बरं.

पण एक फार महत्त्वाचं, कृपा करून हे नीट वाचा. सिगारेट एकदम सोडली तर जीव कासावीस होतो पण जिवाला धोका नसतो. दारूचं तसं नाही. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून पितो, त्याने वरचं वाचून एका रात्रीत दारू बंद करू नये. घाम, थरथर, मग आकडी, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, नसलेलं दिसणं, इथवर जाऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या देखरेखीखाली औषधं देऊन दारू सोडवतात, नंतर तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं असतात. दारूसाठी गम नाही. आणि दारूचे उपचार चालू असताना सिगारेट सोडवायला जाऊ नका, एका वेळी एकच सोडू दे, असं म्हणणारे असतात त्यांचं ऐकू नका, दोन्ही एकत्र हाताळल्याने दारूचा उपचार बिघडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

फायदा किती लवकर दिसतो? शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरायला लागतात, कार्बन मोनॉक्साइड साधारण दिवस-दोन दिवसांत रक्तातून जातो, वर्षभरात हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कॅन्सरचा दहा वर्षांत. मला स्वतःला आधी वास यायला लागले, मग जिना चढताना छातीतली घरघर कमी झाली. खोकला मात्र सुरुवातीला थोडा वाढला होता, तो बऱ्याच जणांना वाढतो, छाती साफ होत असते, घाबरून परत पेटवू नका. वय झालं आता काय उपयोग म्हणणाऱ्यांसाठी, ब्रिटिश डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं चाललेला अभ्यास आहे, त्यात ओढत राहिलेल्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी निघालं, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे तीन, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ वर्षं परत मिळवली. माझ्या काकांना मी हाच आकडा दाखवला, त्यांची साठी उलटलीये. ‘तीन वर्षं म्हणजे नातू शाळेत जाईल की रे,’ म्हणाले, आणि पॅच मागितला.

आता तक्रारी. जबडा दुखतो, विशेषतः पहिल्या आठवड्यात. कवळी किंवा दातांचं मोठं काम असेल तर गम चिकटतं, त्यांनी चघळायची गोळी म्हणजे लॉझेंज किंवा पॅच बघावा. माहितीपत्रकाची अक्षरं इतकी बारीक की भिंग लागेल, आणि चावा-ठेवा-चावा ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मागच्या पानावर तळाशी. ती पुढे मोठ्या अक्षरात चित्र काढून छापायला काय होतं? मिंट सोडून दुसऱ्या चवींचा मला फार काही फरक वाटला नाही, चुणचुण आली की सगळ्या सारख्याच. सोडल्यावर बद्धकोष्ठता होते, तोंड येतं, वजन थोडं वाढतं, हे गममुळे नाही, सिगारेट बंद झाल्यामुळे, पाणी भरपूर प्या आणि चालायला जा.

गरोदर असाल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, ठोके अनियमित पडत असतील किंवा वय अठराच्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल तरी आधी विचारा, कारण कॉफीसारखंच या औषधांचंही होतं, धूर बंद झाला की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. जे ओढत नाहीत पण तंबाखू खातात त्यांच्यासाठी गमचे पुरावे सिगारेटवाल्यांइतके भक्कम नाहीत, त्यांनी व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं, त्या घेऊन तंबाखू सुटायची शक्यता वाढते असं दिसलंय. सोबत तोंडातल्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांची, तोंड कमी उघडत असेल तर त्याची तपासणी दातांच्या डॉक्टरांकडून करून घ्या, त्याला उशीर नको.

बारा आठवडे झाल्यावर काही जणांना दिवसातला एखादा तुकडा सुटत नाही, त्याने फार घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना सांगून अजून थोडे दिवस घेतलेला गम परत पेटवलेल्या सिगारेटपेक्षा कितीतरी बरा. आणि वापरून झालेल्या तुकड्यातही बरंच निकोटीन उरलेलं असतं, तो कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, लहान मूल किंवा कुत्रा-मांजर यांच्या तोंडाशी जाईल असा कुठेही ठेवू नका.